ताजेपणाचे घड्याळ : सातपाटीची मासळी, बर्फ आणि विकरे

'ताजे' आणि 'शिळे' हे मराठीतले दोन शब्द आपण काळाचे शब्द म्हणून वापरतो. आज सकाळचे ते ताजे, काल रात्रीचे ते शिळे. फुलांना, भाकरीला, बातमीला आणि क्वचित कवितेलाही आपण हाच न्याय लावतो. या न्यायात काही चूक असेल अशी शंका आम्हांला फार वर्षे आली नव्हती. ती आली सातपाटीच्या बंदरावर, आणि तीही अगदी साध्या निमित्ताने.

पालघर स्थानकातून पश्चिमेकडे निघालेला रस्ता समुद्राला मिळतो तिथे सातपाटी हे गाव आहे. पापलेटसाठी ते महाराष्ट्रभर ओळखले जाते. एका दुपारी तिथे दोन पाट्या शेजारी शेजारी होत्या. एकीत तीन दिवसांपूर्वी खोल समुद्रात धरलेली आणि तेव्हापासून बर्फातच असलेली पापलेटे होती, तर दुसरीत त्याच दिवशी पहाटे किनाऱ्याजवळ सापडलेली, पण दुपारपर्यंत बर्फाशिवाय राहिलेली. यांतली ताजी कोणती, असे आम्ही विकणाऱ्या मावशींना विचारले. त्यांनी उत्तर दिले नाही. दोन्ही पाट्यांतला एकेक मासा उचलून त्यांनी त्याचा कल्ला अंगठ्याने दाबला. तीन दिवसांच्या माशातून पांढरट चिकट द्राव आला, पहाटेच्या माशातून लालसर पाणी. "आता तुम्हीच सांगा," त्या म्हणाल्या.

कॅलेंडर एक सांगत होते आणि अंगठा दुसरे. अंगठ्याचे खरे होते. माशाच्या शरीरातही एक घड्याळ असते, आणि ते तासांवर चालत नाही; उष्णतेवर चालते. हे घड्याळ चालवणारे जे रेणू आहेत त्यांना इंग्रजीतून आलेला शब्द 'एंझाइम', आणि मराठी परिभाषेतला शब्द 'विकर'. विकरांचा वेग तापमानाने कसा बदलतो हे कळायला युरोपच्या प्रयोगशाळांना एकोणिसाव्या शतकाचा बराच भाग लागला. सातपाटीच्या किनाऱ्यावर तेच ज्ञान वेगळ्या रूपात, क्रियापदांच्या आणि हातांच्या रूपात नांदत होते. या दोन ज्ञानांची गाठ बर्फाच्या लादीपाशी पडली. त्या गाठीचा इतिहास थोडक्यात मांडावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

१

प्रथम शब्दांकडे पाहू, कारण साहित्याच्या वाचकाला तोच मार्ग सोयीचा. 'एंझाइम' हा शब्द जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ विल्हेल्म क्यूने यांनी 1877 च्या सुमारास ग्रीक भाषेतून घडवला. त्याचा अर्थ होतो 'खमिरात असलेले'. आपल्याकडे 'किण्वन' हा पारिभाषिक शब्द ज्या संस्कृत 'किण्वा'पासून आला, त्या किण्वाचा अर्थही सुरेचे खमीर असाच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाच्या प्रकरणात किण्व येते. चार्वाकमताच्या मांडणीत तर किण्वाचा दृष्टान्त प्रसिद्धच आहे. सुरेच्या घटकद्रव्यांत सुटेपणी मादकता नसते, ती त्यांच्या संयोगातून उपजते; तसेच चैतन्यही महाभूतांच्या संयोगातून उपजते, असा तो युक्तिवाद. जीवनव्यापार जडद्रव्याच्या नियमांनी समजावता येतील का, हा वाद खमिराच्या भांड्याशी उभा राहून घालण्याची परंपरा अशी जुनी आहे.

एकोणिसाव्या शतकात युरोपात हाच वाद नव्याने पेटला. 1833 साली पायां आणि पर्सो या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी अंकुरित बार्लीतून एक पदार्थ वेगळा काढला. तो पिष्टाची साखर करी, आणि पाण्यात उकळला की त्याची ही शक्ती नष्ट होई. त्याला त्यांनी 'डायस्टेज' म्हटले. परंतु साखरेची दारू होणे ही क्रिया मात्र जिवंत यीस्टशिवाय घडत नाही, असा पाश्चरांचा आग्रह होता. लीबिग यांना ती निव्वळ रासायनिक क्रिया वाटे. पाश्चर 1895 साली वारले तेव्हा वाद मिटलेला नव्हता.

तो मिटला एका मुरंब्याच्या युक्तीने. एडुआर्ट बुखनर हे यीस्टच्या पेशी वाळूबरोबर घोटून त्यांचा रस काढत होते. भाऊ हान्स यांच्या वैद्यकीय प्रयोगांसाठी तो रस हवा होता आणि तो लवकर नासत असे. नासू नये म्हणून, फळे साखरेत मुरवतात त्याप्रमाणे, त्यात भरपूर साखर घातली गेली. रस टिकण्याऐवजी त्यातून बुडबुडे येऊ लागले. त्यात एकही जिवंत पेशी नव्हती, तरी साखरेची दारू होत होती. 1897 साली बुखनर यांनी हा शोध जाहीर केला आणि 1907 साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पेशी मेली तरी तिच्यातली विकरे काम करीत राहतात, हे त्यातून सिद्ध झाले.

मासळीच्या व्यवहाराचा सारा पेच या एका वाक्यात आहे. मासा मरतो, त्याची विकरे मरत नाहीत. जिवंतपणी जी विकरे देहाची बांधणी आणि मोडणी यांचा तोल सांभाळत होती, त्यांतली मोडणीची विकरे आता लगाम नसल्यासारखी चालू राहतात. प्रश्न उरतो तो केवळ त्यांच्या वेगाचा.

२

वेगाचा हिशेबही त्याच काळात लागत होता. 1884 साली डच रसायनशास्त्रज्ञ यकोबुस व्हान्ट हॉफ यांनी रासायनिक क्रियांच्या वेगावर ग्रंथ लिहिला. तापमान 10 अंशांनी वाढले की पुष्कळशा क्रियांचा वेग दुप्पट-तिप्पट होतो, हा ढोबळ नियम त्यांच्या नावाने ओळखला जातो. पाच वर्षांनी, 1889 साली, स्वीडनच्या स्वांते अऱ्हेनियस यांनी त्याचे कारण मांडले. एकमेकांवर आदळणारे सगळेच रेणू क्रिया करीत नाहीत. क्रियेसाठी एक उंबरठा ओलांडावा लागतो, आणि तो ओलांडण्याइतकी ऊर्जा कोणत्याही क्षणी थोड्याच रेणूंपाशी असते. तापमान किंचित वाढले की रेणूंची सरासरी ऊर्जा किंचितच वाढते, पण उंबरठा ओलांडू शकणाऱ्यांची संख्या मात्र झपाट्याने वाढते. विकराचे काम एवढेच की ते हा उंबरठा खाली आणते. एरवी वर्षे लागतील अशी क्रिया त्यामुळे क्षणात घडते.

पण विकरांची गोष्ट इथे थांबत नाही. साधी रासायनिक क्रिया तापवाल तितकी वेगाने होत जाते; विकराने चालणारी क्रिया एका मर्यादेपर्यंत वेगावते आणि मग एकाएकी कोसळते. कारण विकर हा स्वतःच एक नाजूक पदार्थ आहे. अमेरिकेतील जेम्स सम्नर यांनी 1926 साली युरिएज नावाच्या विकराचे स्फटिक मिळवले आणि ते प्रथिन असल्याचे दाखवले, तेव्हा या कोसळण्याचा उलगडा झाला. प्रथिनाची साखळी विशिष्ट घडीत दुमडलेली असते आणि त्या घडीतच तिचे कौशल्य असते. उष्णता वाढली की घडी सुटते. अंड्यातला पांढरा बलक शिजून घट्ट होतो तेव्हा हेच घडते, आणि शिजलेले अंडे गार केले म्हणून पुन्हा कच्चे होत नाही.

म्हणजे एकच उष्णता दोन विरुद्ध कामे करते. ती विकराला वेग देते आणि तीच त्याला मोडते. या दोन कामांचा तोल जिथे साधतो ते त्या विकराचे अनुकूल तापमान. त्याला मराठीत शास्त्रज्ञांच्याही आधीपासून एक शब्द आहे : कोमट. विरजण लावताना दूध कोमट हवे. गार दुधात विरजण 'लागत नाही', कढत दुधात ते 'मरते'. थंडीच्या दिवसांत पातेल्याला गोधडी गुंडाळणारी आणि दुधात करंगळी बुडवून अंदाज घेणारी बाई, आलेखाच्या चढाची बाजू कोणती आणि उताराची कोणती हे बोटाने ओळखत असते. दही लावण्यात जिवाणू आणि त्यांची विकरे अशी दोघांचीही कामगिरी असते, हे खरे. पण तापमानाचा न्याय दोघांनाही सारखाच लागू पडतो.

या अनुकूल तापमानाविषयी एक गोष्ट पाठ्यपुस्तकांतून सहसा निसटते. ते काही त्या विकराच्या कपाळी कोरलेले एकच एक स्थान नव्हे. प्रयोग पाच मिनिटांचा असेल तर विकर थोडी अधिक उष्णता सोसते आणि वेगाने काम करून मोकळे होते. प्रयोग पाच तासांचा असेल तर त्याच उष्णतेत ते वाटेतच मोडून पडते आणि कमी तापमानालाच अधिक काम होते. तापमानाचा विचार काळाला सोडून करता येत नाही. सुरुवातीला पाहिले तसा काळाचा विचारही तापमानाला सोडून करता येत नाही.

३

आता हा न्याय माशाला लावून पाहू. मासा मेल्यावर त्याच्या स्नायूंतला ऊर्जेचा साठा, म्हणजे 'एटीपी' नावाचे द्रव्य, विकरांच्या एका मालिकेतून पायरीपायरीने मोडत जातो. तो संपत आला की स्नायू आखडतात आणि मासा ताठ होतो. काही काळाने इतर विकरे स्नायूंचे बंध सैल करतात आणि तो पुन्हा मऊ पडतो. मोडणीच्या वाटेवर मध्येच आयनोसिनेट नावाचे द्रव्य साचते. ते रुचकर असते. सुकवलेल्या बोनिटो माशाच्या चवीमागे हेच द्रव्य आहे असे जपानच्या कोदामा यांनी 1913 साली दाखवले होते. त्यापुढच्या पायरीवर हायपोझँथिन तयार होते, आणि त्याची चव कडवट असते. 1959 साली जपानी संशोधकांनी या पायऱ्यांचे परस्परप्रमाण मोजून ताजेपणाचा अंक काढण्याची रीत बसवली.

आपल्याकडे किनाऱ्यावरची माणसे ताज्या मासळीला 'गोड' म्हणतात. अर्थात साखरेसारखी गोड नव्हे. परगावच्या माणसाला हा शब्द अलंकारिक वाटतो. आम्हांलाही तो तसाच वाटत असे. वस्तुतः ते आयनोसिनेटसारख्या द्रव्यांच्या चवीचे बरेच नेमके वर्णन आहे. ती गोडी टिकणे म्हणजे विकरांच्या मालिकेने पुढची पायरी अजून उतरलेली नसणे.

याशिवाय माशाच्या पोटातली पाचक विकरे असतात. भरल्या पोटी धरलेल्या तारलीसारख्या माशांचे पोट ती आतूनच पचवू लागतात आणि ते फुटते. इवलासा जवळा तर काही तासांत विरघळू लागतो. कोळंबी डोक्यापासून काळी पडत जाते, तेही एका विकराचेच काम. चिरलेले वांगे किंवा सफरचंद काळवंडते ते त्याच्याच जातभाईमुळे. आणि मग येतात जिवाणू, स्वतःची विकरे घेऊन. शिळ्या मासळीचा जो ओळखीचा उग्र वास, तो माशाच्या मांसातल्या एका निरुपद्रवी द्रव्यावर जिवाणूंच्या विकराने केलेल्या क्रियेतून येतो. पहिल्या काही तासांत मुख्यतः माशाची स्वतःची विकरे आणि नंतर जिवाणूंची, असा हा क्रम असतो. दोहोंचाही वेग तापमान ठरवते.

थंड समुद्रांतल्या मासळीवर केलेल्या मोजण्यांतून एक ढोबळ गणित निघाले आहे. शून्य अंशाला खराब होण्याचा जो वेग असतो, त्याच्या चौपट वेग 10 अंशांना आणि सुमारे नऊपट वेग 20 अंशांना असतो. म्हणजे बर्फात दहा दिवस राहू शकणारी मासळी 10 अंशांना अडीच दिवसही जेमतेम काढते. सातपाटीच्या दुपारच्या तापमानाला काय होत असेल, हे मावशींच्या अंगठ्याने दाखवलेच होते.

पण याच गणितात आपल्या किनाऱ्याच्या बाजूची एक गोष्ट आहे. प्रत्येक जीवाची विकरे त्याच्या राहत्या जागेच्या तापमानाशी जुळलेली असतात. उत्तर अटलांटिकच्या थंडगार पाण्यातल्या कॉडची विकरे थंडीतच काम करायला घडलेली. अमेरिकेतल्या यलोस्टोनसारख्या ऊन पाण्याच्या झऱ्यांतल्या जिवाणूंची विकरे जवळजवळ उकळत्या पाण्यातही मोडत नाहीत. वज्रेश्वरीची ऊन पाण्याची कुंडे पाहताना ज्यांना केवळ देवस्थान दिसते त्यांनी हेही आठवावे. अरबी समुद्रातले पापलेट आणि त्याच्या अंगावरचे जिवाणू सुमारे 28 अंशांच्या पाण्याला सरावलेले. कॉडला बर्फात ठेवणे म्हणजे शेजारच्या खोलीत नेणे. पापलेटला बर्फात ठेवणे म्हणजे मुलूख बदलणे. म्हणूनच उष्ण समुद्रांतली मासळी बर्फाशिवाय फार लवकर नासते आणि बर्फात मात्र थंड समुद्रांतल्या मासळीपेक्षा अनेकदा अधिक दिवस टिकते. बर्फाची गरजही आपल्याला जास्त आणि त्याचा लाभही जास्त.

४

असे असताना बर्फ येण्यापूर्वी सातपाटीने काय केले? उत्तर आहे : ऊन आणि मीठ. वर वर पाहता हे विचित्र वाटते. उष्णता जर विकरांना वेग देते, तर मासळी उन्हात घालायची कशी? याचे उत्तर पाण्यात आहे. विकरांना काम करायला पाणी लागते. ऊन आणि वारा यांनी मांसातले पाणी विकरांच्या वेगाआधी काढून घेतले तर विकरे जागच्या जागी थिजतात. म्हणजे सुकवणे ही एक शर्यत असते. बोंबलाच्या अंगात सुमारे 90 टक्के पाणी, म्हणून तो सर्वांत आधी नासणारा. तो सुकवायचा तर जोडीने जबड्यात जबडा अडकवून बांबूच्या वलांडीवर उंच टांगायचा, सगळ्या बाजूंनी वारा लागेल असा. आणि तोही मुख्यतः हिवाळ्याच्या कोरड्या हवेत, जेव्हा विकरे मंद असतात आणि वारा तहानलेला असतो. मीठ हेच काम दुसऱ्या रीतीने करते. ते मांसातले पाणी ओढून घेते आणि उरलेले बांधून ठेवते. ज्या साखरेने बुखनर यांना फसवले तिचेच हे खारे भावंड.

या शर्यतीचे ज्ञान मुख्यतः बायकांपाशी होते. सातपाटीतल्या मांगेला, वैती अशा मच्छीमार समाजांत समुद्रात जाणे पुरुषांचे, आणि किनाऱ्याला लागलेल्या मासळीचे पुढचे सगळे, म्हणजे निवडणे, खारवणे, वाळवणे, पाटी डोक्यावर घेऊन आठवडी बाजार गाठणे, हे बायकांचे. कोणती मासळी ओली विकायची, कोणती लगेच मिठात घालायची, कोणत्या वाऱ्याला बोंबील टांगायचा, पाटीवर ओले फडके केव्हा टाकायचे, याचे निर्णय तासातासाला घ्यावे लागत. ओल्या फडक्यातले पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते, हे भौतिकी त्यांनी पुस्तकात वाचलेले नव्हते. 'मुरणे', 'आंबणे', 'सुटणे', 'बसणे', 'मऊ पडणे', 'नासणे', 'कुजणे' ही आपल्या भाषेतली क्रियापदे आम्ही सहसा एकमेकांचे पर्याय समजून वापरतो. ज्यांचे पोट त्यांवर होते त्यांच्यासाठी त्या वेगवेगळ्या पायऱ्या होत्या, आणि प्रत्येक पायरीवर करायचे काम वेगळे होते. लोणचे मुरते, पीठ आंबते, मासळी नासते. तिन्ही ठिकाणी विकरेच काम करतात. माणसाला हवे तिथे त्यांना थांबवता आले तर पहिली दोन क्रियापदे वापरायची, न थांबवता आले तर तिसरे.

या ज्ञानाला मर्यादाही होती, आणि ती पैशांत मोजली जाई. ओली मासळी ज्याच्या हातात, त्याच्याजवळ वेळ नसतो. दुपार कलली की भाव पडणार हे विकणाऱ्याला माहीत असते, आणि घेणाऱ्यालाही माहीत असते. व्यापाऱ्याला काहीच करावे लागत नसे. नुसते थांबले की पुरे. विकरे त्याच्या बाजूने काम करीत. किनाऱ्यावरच्या गरिबीची कारणे पुष्कळ आहेत. त्यांतले हे एक रसायनशास्त्रातले आहे, म्हणून आर्थिक इतिहासात त्याची नोंद सहसा होत नाही.

५

हिंदुस्थानात बर्फ आला तो साहेबांच्या पेल्यासाठी. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर यांचे बर्फाने भरलेले पहिले जहाज 1833 साली कलकत्त्याला लागले आणि पुढे मुंबईतही अमेरिकेतल्या तळ्यांचा बर्फ उतरू लागला. त्याच्यासाठी बांधलेली बर्फघरे हा शहराच्या कौतुकाचा विषय होता. यंत्राने बर्फ बनू लागल्यावर हा दूरचा व्यापार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस संपला. मुंबईहून गुजरातकडे जाणारा लोहमार्ग 1864 साली पूर्ण झाला होता आणि पालघर त्याच मार्गावर आहे. म्हणजे वेगाने पुढे नेणारी गाडी आधी आली; वेग थांबवणारी थंडी मात्र मच्छीमारांच्या हाती यायला त्यानंतर अनेक दशके जावी लागली.

स्वातंत्र्यानंतरच्या काळात, विशेषतः 1950 नंतरच्या दोनतीन दशकांत, सातपाटीच्या होड्यांना यंत्रे बसली. गावातल्या मच्छीमारांच्या सहकारी संस्थांनी डिझेल, बर्फ आणि विक्री यांची व्यवस्था हाती घेतली. यंत्राने होडी लांब जाऊ लागली, हे सगळेच सांगतात. पण लांब जाऊन उपयोग काय, जर परत येईपर्यंत मासळी नासणार असेल? होडी किती लांब जाऊ शकते हे इंजिन ठरवते. किती लांबून मासळी आणू शकते हे बर्फ ठरवतो. होडीच्या पोटातल्या खणात बर्फाच्या लादीचा चुरा आणि मासळी यांचे थर एकावर एक रचले जाऊ लागले, आणि एका दिवसाची फेरी अनेक दिवसांची झाली.

या थरांचे गणित समजून घेण्यासारखे आहे. शून्य अंशाचा एक किलो बर्फ वितळताना सुमारे 80 किलोकॅलरी उष्णता शोषून घेतो, आणि वितळून संपेपर्यंत स्वतः शून्यावरच राहतो. एक किलो मासळी 30 अंशांवरून शून्यावर आणायला हिशेबाने त्याचा एकतृतीयांश भाग बर्फ पुरतो. पण बाहेरची हवा सतत आत उष्णता ढकलत असते, म्हणून आपल्या हवेत मासळीइतकाच बर्फ घ्यावा असे सांगितले जाते. वितळलेले थंडगार पाणी मासळीवरून ओघळत राहते, तिला कोरडी पडू देत नाही आणि वरचा चिकटा धुऊन नेते. बर्फाचे वितळणे हा बर्फाचा दोष नाही; तेच त्याचे काम आहे.

आणि बर्फ विकरांना मारत नाही, हे ध्यानात ठेवले पाहिजे. उष्णता विकराची घडी मोडते, थंडी फक्त त्याचा वेग काढून घेते. म्हणून बर्फातून बाहेर काढलेली मासळी सोडल्या जागेपासून पुन्हा पुढे चालू लागते. उणे 18 अंशांच्या शीतगृहातही काही विकरे अगदी मंद गतीने चालतच असतात. बर्फाने माणसाला दिला तो फक्त वेळ.

तो वेळ कोणाला मिळाला, हा इतिहासाचा प्रश्न आहे. संस्थेच्या बर्फामुळे मच्छीमाराला व्यापाऱ्यासमोर थांबण्याची शक्ती आली. आता दोघेही थांबू शकत होते. सातपाटीच्या सहकाराचे महत्त्व आम्हांला यात दिसते. त्याने सभासदांना नुसते कर्ज आणि डिझेल दिले नाही, दुपार पुढे ढकलण्याची सत्ता दिली. पण याच बदलाची दुसरी बाजूही आहे. उत्तम पापलेट बर्फात घालून थेट मोठ्या बाजारांकडे आणि निर्यातीकडे जाऊ लागले, की ते किनाऱ्यावरच्या पाटीतून आपोआप कमी होते. तासातासाचे निर्णय घेणारे ज्ञान लादीच्या चुऱ्याखाली निरुपयोगी होत जाते. थंडी भांडवलाने मिळते. जिच्यापाशी स्वतःची बर्फाची पेटी नाही, त्या पाटीवालीसाठी घड्याळ पूर्वीच्याच वेगाने चालत राहते. आणि शेजारी तीन दिवसांची मासळी तिच्या आजच्या मासळीहून ताजी ठरते. त्या दुपारी अंगठ्याने दिलेला तो निकाल मावशींच्या स्वतःच्या पहाटेच्या मालाविरुद्ध होता, हे आमच्या फार उशिरा लक्षात आले. त्यांनी तो तरीही दिला.

शहरातले गिऱ्हाईक आजही 'बर्फातली नको, ताजी द्या' असे म्हणते. काळाच्या मापाने हे बरोबर वाटते. विकरांच्या मापाने ते पुष्कळदा उलटे असते. मात्र या हट्टामागे एक जुनी शहाणीव आहे. बर्फात कधी घातली हे गिऱ्हाइकाला कळत नाही. धरल्याबरोबर घातली की नासू लागल्यावर, हे बर्फ सांगत नाही. बर्फ इतिहास गोठवतो, पण पुसत नाही. तो वाचायला कल्ला दाबणारे बोट लागतेच.

६

अलीकडच्या वर्षांत या घड्याळाची किल्ली दोन ठिकाणी ढिली झाली आहे. पहिले ठिकाण हवा. वाळवणीची शर्यत कोरड्या हिवाळ्याच्या भरवशावर जिंकली जात असे. डिसेंबर 2017 मध्ये ओखी चक्रीवादळाने भर थंडीत या किनाऱ्यावर पाऊस आणला, त्यानंतरही अवकाळी पाऊस येत राहिला, आणि वलांडीवरची मासळी भिजली. अर्धवट वाळलेल्या मासळीला पाणी मिळणे म्हणजे थिजलेल्या विकरांना आणि जिवाणूंना पुन्हा कामावर बोलावणे.

दुसरे ठिकाण समुद्र. अरबी समुद्र तापतो आहे, हे मोजमापांनी सिद्ध झालेले आहे. मासा स्वतःचे शरीर ऊन ठेवत नाही; पाण्याचे तापमान तेच त्याचे तापमान. पाणी एखाद्या अंशाने तापले तर त्याच्या देहातल्या प्रत्येक विकराचा वेग थोडा बदलतो. त्याला अधिक अन्न लागते, अधिक प्राणवायू लागतो, आणि ऊन पाण्यात प्राणवायू मुळात कमी विरघळतो. सातपाटीचे पापलेट घटले, याची तक्रार जुनी आहे. लहान पिल्लांची बेसुमार पकड हे त्याचे कारण मच्छीमार स्वतःच सांगतात, आणि त्या कारणाला तापमानाच्या आड दडवू नये असे आम्हांला वाटते. 2023 साली महाराष्ट्राने रुपेरी पापलेटला राज्यमासा म्हणून जाहीर केले. मान मिळाला, तेव्हा मासा दुर्मिळ होत चालला होता.

व्हान्ट हॉफ, अऱ्हेनियस, बुखनर आणि सम्नर यांची नावे आपण विज्ञानाच्या इतिहासात नोंदवतो, आणि ते योग्यच आहे. सातपाटीच्या किनाऱ्यावर हाच नियम ज्यांनी रोज पाळला आणि रोज सोसला त्यांची नावे कुठे नोंदलेली नाहीत. त्यांची नोंद राहिली ती शब्दांत : कोमट, गोड, मुरणे, नासणे. मराठीच्या वर्गात हे शब्द शिकवताना त्यांचे अर्थ आपण एका ओळीत उरकतो. पुढच्या खेपेस ते उरकण्यापूर्वी एखाद्या मासळीबाजारात जाऊन, ते शब्द रोज वापरणारी माणसे त्यांत कोणकोणते भेद करतात हे विचारून यावे. सकाळी लवकर जावे हे बरे. दुपारी विचारणाऱ्यासाठी थांबायला त्यांच्यापाशी वेळ नसतो.